बाहेरचा डोळा

अंबाजोगाईचं घर सोडलं त्या सकाळी, सुमन, तू फाटकात उभी राहून रडत होतीस आणि मी तुझ्यावर खेकसले होते, "मेले नाहीये मी, पुण्याला चाललेय." रडू मलाही येत होतं. पण शेखर टेम्पोत सामान चढवत होता, आणि आई रडली की तो स्वतःला गुन्हेगार समजतो. तुझे भाऊजी गेल्यावर तीन वर्षं एकटी राहिले, दोनदा घसरून पडले. मग त्याने माझं काही ऐकलंच नाही.

वाघोलीत आम्ही सातव्या मजल्यावर राहतो. पहिलं वर्ष लिफ्ट, इंटरकॉम आणि गेटवरचं ॲप शिकण्यात गेलं. मातीला हात लागला नाही. मग एक दिवस क्लबहाऊसच्या मागे अकरा गुलाब सापडले. फ्लॅट विकायच्या दिवसांत बिल्डरने लावलेले, नंतर कुणी ढुंकून न पाहिलेले. सोसायटीचा माळी त्यांना मेंदीच्या कुंपणासारखं वरून सपाट कापायचा. एका झाडाच्या बुडातून निघालेली लांबलचक, तरारलेली फांदी मात्र त्याने कौतुकाने काठीला बांधली होती. मी तिच्या एका देठावरची पानं मोजली. सात! चांगल्या गुलाबाला बहुधा पाच असतात, सात म्हणजे रानटी.

सरकारी बंगल्याच्या बागेत जन्म घालवलेल्या माळ्याच्या लेकी आपण. रानटी गुलाबाच्या खुंटावर चांगल्या गुलाबाचा डोळा बसवून कलम करतात, आणि खुंटच फुटला तर वरचा गुलाब उपाशी मरतो, हे तुला सांगायला नको. "खुंटाचे लाड करू नका, पोरींनो," अण्णा म्हणायचे.

पाऊस सरल्यावर मी ऑनलाइन छाटणीचं सिकेटर मागवलं. ती लाडकी फांदी मुळापासून काढली. वाळकं सगळं काढलं आणि उरलेलं गुडघ्यापर्यंत आणलं, प्रत्येक काप बाहेर बघणाऱ्या डोळ्याच्या वर, तिरपा. "आत बघणारी फांदी आपल्याच काट्यांत अडकते," हेही अण्णांचंच.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर त्या बोडक्या झाडांचा फोटो आला, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. चेअरमन अस्सल पुणेकर, कर्वेनगरात आयुष्य काढून इकडे आलेले. लिफ्टमध्ये म्हणाले, "काकू, लॉबीतल्या कुंड्या तरी शिल्लक ठेवल्यात, आभारी आहोत."

खरं सांगते, मीही घाबरले होते. रोज सकाळी जाऊन बघायचे. म्हणूनच दिवाळीला आले नाही, आणि तू फोनवर टोमणा मारलास की पुण्याची झालीस वाटतं. त्याच आठवड्यात नऊ झाडांवर लालसर फूट आली होती. दोन गेली, त्याचं वाईट वाटलं.

कळ्या धरायच्या आतच मीटिंगची नोटीस लागली. क्लबहाऊसमागे पेव्हर ब्लॉक टाकून पार्किंग करायचं होतं. दुसऱ्या गाडीसाठी जागा मागणाऱ्यांच्या यादीत आपल्या शेखरचंही नाव होतं. मी बोलायला उठले.

"काकू, सभासद शेखर आहेत, आपण नाही," चेअरमन म्हणाले. "आपल्याला बोलता येणार नाही."

शेखर मोबाईलमध्ये बघत बसला. त्याचा इतका राग मला आजवर कधी आला नव्हता.

"सभासद व्हायला काय लागतं?"

"सहसभासदाचा फॉर्म. शेखर यांची सही लागेल."

"द्या."

"आत्ता?"

"झाडं उपटायचं आत्ता ठरतंय ना? मग फॉर्मही आत्ताच द्या."

कुणीतरी हसलं. शेखरने मोबाईल खिशात टाकला, पुढे येऊन सही केली आणि हळूच म्हणाला, "गाडीचं बघू नंतर, आई."

मी नाव लिहिलं, वय लिहिलं. खाली 'कायमचा पत्ता' होतं. बँकेत, दवाखान्यात, दोन वर्षं त्या रकान्यात मी न विचारता अंबाजोगाई लिहीत आलेय. आताही हाताने 'अं' काढलाच. मी तो खोडला. रागावू नकोस, सुमन, तुझ्यावरची माया काही खोडली नाही. पण जिथे माझं म्हणून काही उपटायला निघालेत, तिथेच मला उभं राहायचंय. मी लिहिलं, फ्लॅट सातशे चार, वाघोली, पुणे.

फॉर्म चेअरमनसमोर सरकवला.

"झाले सभासद," मी म्हटलं. "आता ऐका."