शालिकरामचं गप्प बसणं

शालिकराम माळी अमरावतीच्या कॅम्पातल्या गिरजाघरात पहिल्यांदा गेला तो शेवंतीची पाटी डोक्यावर घेऊन, आणि वर्षभरात बाप्तिस्मा घेऊन बसला. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलं त्याला तेव्हा पंचवीस-तीस वर्षं झाली होती. भाऊबंद म्हणाले, फुलं विकायला गेला अन् स्वतःच विकला गेला. भाऊबंदांचं काय, त्यांना बोलायला काहीतरी लागतंच. त्याची बायको शकुन मात्र काही बोलली नाही. ती नांदगाव खंडेश्वरकडची, मुकाट्याने संसार करणारी. नवरा गेला त्या दारातून आपणही जायचं, एवढंच तिला ठाऊक. तिनेही डोक्यावर पाणी घेतलं, आणि पदराला धरून लेक जयवंताही आत गेली.

पुढच्याच चैत्रात जयवंताला ताप भरला. शालिकराम संत्र्यांची गाडी घेऊन अकोल्याला निघाला होता. ताप उतरला नाही तर पोरीला सिस्टरांच्या दवाखान्यात ने, असं सांगून तो गेला. शकुन नेणारही होती. पण पोरीच्या अंगावर देवीचे फोड दिसले, आणि माहेरून आलेली सगळी भीती एकदम उठून बसली. तिने दाराला कडुनिंब बांधला, गावाबाहेरच्या मातामायच्या ओट्यावर हळदीचं पाणी ओतलं आणि पोरीला घरातच ठेवलं. शालिकराम परतला तेव्हा जयवंता गेली होती. देवीपुढे सिस्टरांचंही फारसं चालत नसे, पण हे शकुनला कोणी सांगितलं नाही.

शालिकरामने दाराचा कडुनिंब काढून टाकला आणि त्याबद्दल एक शब्दही काढला नाही. त्यात त्याची माया होती. जी आधीच पोळली आहे तिला आणखी चटका कशाला द्यायचा, असं त्याला वाटलं.

त्याची प्रार्थना मात्र आटली. शब्द तोंडातून निघत, आत काही हलत नसे. त्याने गिरजाघरातल्या म्हाताऱ्या फादरांना तसं सांगितलं.

"मग शब्द सोड," फादर म्हणाले. "नुसता गप्प बस. जे दुखतंय ते त्याच्यापुढे ठेव आणि तूही तिथेच थांब. आणि याचा गाजावाजा करू नको. दाखवण्यासाठी केलेली प्रार्थना देवापर्यंत पोचत नाही."

झालं. शालिकराम मुळातच एकमार्गी गडी. त्याने नेम धरला की उठल्यापासून दुपारची भाकर खाऊन होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. मोट हाकताना गायचा, तेही बंद. आणि गाजावाजा नको म्हणजे घरातही नको, बायकोलाही सांगायचं नाही. अरे शहाण्या, बायको म्हणजे काय आठवडी बाजार आहे? पण त्याला तेव्हा हे विचारणारं कोणी नव्हतं.

त्या शांततेत त्याला हळूहळू निवल्यासारखं होऊ लागलं. गप्प बसलं की आधी पोर दिसे, मग पोरीच्या उशाशी बसलेली शकुन. तो रोज तिलाच देवापुढे ठेवी. हिच्या जिवावरचं ओझं उतरव, एवढंच मागे, तेही मनात.

शकुनला यातलं काय दिसणार? तिला दिसला तो अबोला. माळ्यांच्या घरात अबोला काही नवा नाही, आणि शकुनच्या माहेरी तर त्याची रीतच ठरलेली होती. ज्याचं चुकलं त्याने आधी बोलायचं नाही. ताट वाढायचं आणि वाट पाहायची. ज्याला राग आला तो एक दिवस म्हणतो, 'मीठ दे', की मिटलं. कोणाचं चुकलं, काय चुकलं, पुन्हा कोणी काढत नाही.

म्हणून शकुनने ताटात मीठ वाढणं सोडलं. भाजीतही घालेना. भाकर आणि अळणी अंबाडी त्याच्यापुढे ठेवून ती चुलीपाशी बसली आणि त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. शालिकरामने घास घेतला, थांबला, तिच्याकडे पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले. त्याला वाटलं, हिनेही पोरीसाठी मीठ सोडलं. दोघं मिळून एकच उपास करतोय, असं समजून तो सगळं ताट निपटून उठला.

दुसऱ्या दिवशीही तेच, आणि पुढे रोज तेच. संध्याकाळी तो बोले, पण बैलांचं, पाण्याचं.

"कामाचं तं गड्यासंगंई बोलतेत," शकुन शेजारच्या पार्बताबाईला म्हणाली. "मीठ मांगतीन तवा खरं."

"मंग तूच इचार ना त्यायले."

"कोनत्या तोंडानं इचारू, माय? पोरगी माह्याच हातानं गेली."

वर्षं गेली. शकुन वाळत गेली आणि शालिकरामची श्रद्धा वाढत गेली. एकाच घरात हे दोन्ही घडत होतं, आणि त्याला फक्त दुसरं दिसलं.

मग एका आश्विनात तिला हिवतापाने धरलं. या वेळी शालिकरामने गाडी जुंपून तिला तडक दवाखान्यात नेलं. वाटेत शकुनला तेही, तू पोरीला नेलं नाहीस असं बोलून दाखवल्यासारखंच लागलं. रोज सकाळभर तो तिचा हात हातात घेऊन खाटेशी बसे, गप्प. इतकं जीव तोडून त्याने आजवर कधी मागितलं नव्हतं. ती त्याच्या तोंडाकडे पाहत राही. एका सकाळी, त्याचा नेम सुटायच्या आत, ती तशीच पाहत पाहत गेली.

माती दिल्यावर पार्बताबाई भाकर-भाजी घेऊन आली. एक घास खाऊन शालिकरामने ताट सरकवलं.

"मी मीठ खात नाई, बाई. आमी दोघायनं सोडलं होतं."

पार्बताबाई त्याच्याकडे बघतच राहिली. "तिनं कुठी सोडलं होतं, भाऊ? ते चुलीमांगं बसून मीठ घेऊनच जेवे. तुमालेच अळनी वाढे. तुमी मीठ मांगसान, अबोला सोडसान, म्हनून वाट पाहे. दवाखान्यात जातानाई मले म्हने, त्यायनं माफी देल्ली नाई."

"कायची माफी?" शालिकरामने विचारलं. त्याला खरोखरच कळलं नव्हतं.

पार्बताबाईने सांगितलं. तेव्हा तो भुईवर पालथा पडला आणि गुरासारखा हंबरला. ज्या बाईसाठी तो रोज देवाच्या दारात बसला, तिला त्याने आपल्याच दारात उभी ठेवली होती.

नंतर तो गिरजाघरात जाई, पण गप्प बसणं त्याला जमेना. डोळे मिटले की शकुन समोर बसे, आणि ती काही बोलत नसे. मग तोच बोले, मोठ्याने. विहिरीला पाणी किती आहे, शेवंतीला कळ्या कशा आल्यात, आणि मधूनच, "तुह्यावर राग नोता व माहा." पुढच्या बाकावरची माणसं वळून पाहत. एकदा म्हाताऱ्या फादरांनी येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"हळू, शालिकराम. देवाला न बोलताही समजतं."

"देवाले समजते, फादर," तो म्हणाला. "तिले नाई समजलं."

आणि तो पुन्हा शकुनशी बोलू लागला.