मानपत्रातली गाळलेली चार वाक्यं

आमच्या मुकुंदवाडीत पोरगं दहावी पास होवो की कुणी नोकरीतून सुटो, सत्कार ठरलेला. शाल, श्रीफळ आणि मानपत्र. मानपत्र लिहायचं मी, कारण मी मराठीचा निवृत्त मास्तर आणि शिवाय फुकटचा. महापालिकेची निवडणूक जवळ आली तेव्हा एका भावी नगरसेवकाला एकाएकी आठवलं, की शौर्यपदक मिळालेले कर्नल आपल्याच गल्लीत राहतात. तोवर हाच गडी त्यांच्या फाटकासमोर जीप लावून वर त्यांच्याशीच भांडायचा.

माहिती घ्यायला मी कर्नलांकडे गेलो. लढाईत ते कॅप्टन होते. डोंगरावरची चौकी घेताना मांडीत गोळी लागून ते पडले. तेव्हा त्यांचा एक जवान, पैठणकडचा, सरपटत पुढं गेला, बंकरमध्ये ग्रेनेड टाकला आणि तिथंच मारला गेला. मग कर्नल पाय ओढत उरलेल्यांना घेऊन वर पोचले. सत्काराला त्यांची एकच अट होती. जवानाच्या बायकोला बोलवायचं आणि हे तिच्यासमोर वाचायचं. म्हणाले, "तिला मी सांगितलंय. चारचौघांत कुणी सांगितलं नाही."

मी त्यावर चार वाक्यं लिहून त्यांना वाचून दाखवली. मग कागद भावी नगरसेवकाकडे गेला. त्यानं पहिलं विचारलं ते जवानाचं आडनाव. घर बौद्धांचं आहे हे कळलं, आणि या भावी साहेबांना त्या चार वाक्यांसाठी मानपत्राची फ्रेम लहान वाटायला लागली.

"गुर्जी, एवढं कशाला? एकट्यानं चौकी जिंकली, असं लिवा. लई भारी वाटतंय."

छत्तीस वर्षं पोरांना स्वाभिमानावर निबंध लिहायला लावणाऱ्या मी ती वाक्यं निमूट गाळली. माझा मुलगा वाळूजच्या कंपनीत त्याच्याच ओळखीनं लागला होता.

सव्वीस जानेवारीला मंडपात मी 'एकट्यानं' हा शब्द खणखणीत आवाजात वाचला. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या जवानाच्या बायकोनं मात्र हात हलवला नाही. कर्नलांनी मानपत्र घेतलंच नाही.

"गुरुजी, राहिलेलं वाचा."

कागदावर तेवढंच आहे, असं मी पुटपुटलो.

"तुम्हीच लिहिलंय. पाठ असेल."

पाठ होतं. पण तोंड उघडायच्या आधी माझी नजर भावी नगरसेवकाकडे गेली. कर्नलांनी ते पाहिलं. त्यांनी माझ्या हातातून माइक घेतला आणि सगळं स्वतः सांगितलं. पाहुणे खाली माना घालून ऐकत होते.

कार्यक्रम संपल्यावर मी लाज झाकायला त्या बाईकडे गेलो. वहिनी, राग मानू नका, माझा नाइलाज होता, असं काहीबाही बोललो. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "तुमच्यावर कोन गोळ्या झाडत व्हतं, गुर्जी?"