काकूंचा चहा आणि आमचा नियम

मंडळी, आज डोकं भणाणलंय म्हणून इथे लिहून राहिली.

मी एका आंतरराष्ट्रीय संशोधन-प्रशिक्षणात आहे. आमच्या गटात एक जर्मन इंजिनिअर, एक केनियाची डॉक्टर आणि समाजशास्त्र शिकलेली मी, अकोल्याची. आज अमरावतीजवळ एका भाजीवाल्या कुटुंबाकडे पाण्याबद्दल विचारायला गेलो.

आमचा नियम असा की, ज्यांची मुलाखत घ्यायची त्यांच्याकडून काहीच घ्यायचं नाही. त्या घरच्या काकूंनी चहा आणला. तिघांनीही नको म्हणून हात जोडले.

काकू ट्रे धरून तशाच उभ्या. "काहून वं पोरी, आमच्या घरचा चहा चालत नाही काय तुमाले?"

आपल्याकडे लोक कोणाच्या घरचा चहा का नाकारत आले, ते तुम्हाला सांगायला नको. त्यानंतर काकू प्रत्येक प्रश्नाला नुसतं "हो" म्हणत राहिल्या.

संध्याकाळी ऑनलाइन मीटिंगमध्ये मी हे सांगितलं. मार्गदर्शक म्हणाले, "नियम सगळ्या देशांत सारखाच. पण यातून तुझी वैयक्तिक वाढ काय झाली, ते लिहून पाठव."

काय डोंबल वाढ.

उद्या परत त्याच घरी जायचंय. नियम गेला खड्ड्यात, मी चहा घेणार आहे. पण काकू आता विचारतील का हो?