नववी पगारचिठ्ठी

पहिल्यांदा कोणी ‘बाई’ म्हणून हाक मारली तेव्हा वाइंडिंगच्या बाईंनी पन्नाशी ओलांडली होती. त्याआधी त्या कोणाच्या तरी सूनबाई होत्या, कोणाच्या तरी वहिनी होत्या, आणि दुकानाच्या पाटीवर कोणीच नव्हत्या. पाटी सासऱ्यांच्या नावाची. पंपांच्या, गिरण्यांच्या जळालेल्या मोटारी पुढच्या खोलीत यायच्या. मागच्या खोलीत बाई त्यातली काळी पडलेली तार कापून उपसायच्या, किती वेढे होते ते मोजायच्या आणि तितकेच नवे भरायच्या. दुरुस्त मोटार पुन्हा पुढे गेली की गिऱ्हाईक म्हणायचं, “काका, तुमच्या हाताला तोड नाही.” काका मान डोलवायचे. माणूस खोटारडा नव्हता. समोरच्याची चूक सुधारायची सवय तेवढी नव्हती.

काम शिकवलं मात्र त्यांनीच, आणि मनापासून शिकवलं. मुलाला शिकवायला गेले होते, पण त्याला चालणाऱ्या मोटारी आवडत, जळालेल्या नाहीत. तो ड्रायव्हर झाला. सुनेचा हात पाहिल्यावर सासऱ्यांनी मुलाचा नाद सोडला. सव्वीस वर्षं हे असं चाललं. सासरे गेले, भावाभावांत वाटण्या झाल्या, दुकानाच्या जागी थोरल्या दिरांनी गोदाम केलं. बाई घरी बसल्या. दोन वर्षं त्यांनी शेजारपाजारचे पंखे दुरुस्त केले आणि दिवसभर रेडिओ ऐकला.

मग नगरपालिकेने तरुणांना रोजगार मिळवून द्यायचं मनावर घेतलं. एका ठरावाने तीन वर्षांचं अनुदान मंजूर झालं, त्यात शिवण, नळजोडणी, संगणक आणि कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून मोटार वाइंडिंग असे वर्ग निघाले. शिकवायला माणूस मिळेना. पंपाच्या कारखान्यातल्या जुन्या फोरमनने बाईंचं नाव सांगितलं, कारण मागच्या खोलीत कोण बसतं हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं.

वर्गाला जागा मिळाली बंद पडलेल्या दवाखान्यातली, लस टोचायची खोली. भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता तसाच होता. तो काढायचा अधिकार आरोग्य खात्याचा आणि ते खातं दुसऱ्या इमारतीत गेलेलं. दारावर मात्र नवी पाटी लागली, आणि तिच्यावर बाईंचं नाव होतं. पहिल्या दिवशी नवरा त्यांना सोडायला आला. बाई पाटीसमोर बराच वेळ उभ्या राहिलेल्या पाहून त्याने विचारलं, “काही चुकलंय का त्यात?”

“नाही,” बाई म्हणाल्या, “बरोबर आहे.”

वर्गात बाई कडक होत्या. वेढे मोजताना कोणी बोललं की त्या नुसतं बघायच्या, आणि ते बघणं पुरायचं. मोजणी चुकली तर अंदाजाने पुढे जायचं नाही, कापून पहिल्यापासून भरायचं, हा त्यांचा नियम. त्यापायी सर्वात जास्त तार वाया घालवली ती शेवटच्या तुकडीतल्या एका मुलीने. वय तेवीस, आवाज इतका बारीक की हजेरीला ती ‘हजर’ म्हणायची तेव्हा बाई दोनदा मान वर करायच्या. इतरांची मोटार दोन दिवसांत व्हायची, हिला पाच लागायचे. वर्गाने तिचं नाव हळूबाई ठेवलं. बाईही तिला तेच म्हणू लागल्या, पण तिने भरलेली मोटार परत कधी आली नाही, हे त्यांनी मनात टिपून ठेवलं होतं. शिकवताना आवडता विद्यार्थी ठेवू नये हे त्यांना कळत होतं. तरी ठेवला होता.

तीन वर्षं सरत आली आणि अनुदान पुढे चालू ठेवायचा प्रश्न आला. नगरपालिकेच्या रोजगार विभागाचे साहेब तिशीतले, नीटस, सभ्य. ते फाईल घेऊन स्वतः आले. नियम सोपा होता. शेवटच्या तुकडीतल्या बारा जणांपैकी नऊ जण वर्षअखेरीपर्यंत नोकरीत दिसले पाहिजेत. दिसले म्हणजे, प्रत्येकाच्या सलग तीन महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या फाईलला लागल्या पाहिजेत.

“आठ आहेत,” साहेब म्हणाले. “दोघं पुढे शिकतायत, एकजण गाव सोडून गेलाय. उरली ही मुलगी.”

“ती कमावतेय की,” बाई म्हणाल्या. “स्वतःचं दुकान काढलंय तिनं.”

“ऐकलं मी. पण परवाना नाही ना. स्वतःचा धंदा धरायचा तर दुकानाचा परवाना लागतो.”

“मग द्या.”

“जिन्याखाली बसते ती. जिन्याखालच्या जागेला परवाना मिळत नाही.”

“कोण देत नाही?”

साहेब जरा ओशाळले. “आम्हीच,” ते म्हणाले.

घोडं तिथे अडलं. पंपाच्या कारखान्यात जागा होती, फोरमन घ्यायला तयार होता. वर्षअखेरीला साडेतीन महिने उरले होते, म्हणजे मुलगी लगेच रुजू झाली तर बसत होतं. “तुम्ही एकदा शब्द टाकून बघा,” साहेब म्हणाले. “नऊ झाले की आणखी तीन वर्षं पक्की. आठ राहिले तर खोलीला कुलूप. माझ्या हातात काही नाही, बाई.” ते खरंच बोलत होते. त्यांच्या हातात फाईलखेरीज कधीच काही नसे.

बाई त्या संध्याकाळी जेवल्या नाहीत. पुन्हा घरी बसायचं, पुन्हा रेडिओ, पुन्हा कोणाच्या तरी वहिनी. त्यांना भीती वाटली, आणि ती स्वतःसाठीच होती. उद्याच्या पोरांचं काय होईल, असं त्या नवऱ्याला म्हणाल्या खऱ्या, पण पोरं त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हती, पाटी होती.

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. लॉन्ड्रीच्या शेजारच्या जिन्याखाली, जिथे उभं राहिलं तर डोकं आपटतं अशा जागेत, हळूबाईने लोखंडी टेबल टाकलं होतं. टेबलावर वेढे घ्यायचा लाकडी फर्मा, तारेची रिळं, चाचणीचा दिवा. भिंतीशी पाण्याचे तीन पंप आणि एक पिठाची गिरणी रांगेत, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. व्हार्निशचा वास थेट लॉन्ड्रीपर्यंत. वरच्या मजल्यावरचा म्हातारा जाता जाता विचारून गेला, “झाला का गं पंप?” ती म्हणाली, “शुक्रवारी.” म्हातारा निमूटपणे निघून गेला. बाईंना नवल वाटलं. त्यांच्या दुकानात शुक्रवार सांगितला की गिऱ्हाईक बुधवारी भांडायला यायचं.

हळूबाईने त्यांना एकुलतं एक स्टूल दिलं आणि आपण उलट्या बादलीवर बसली. लॉन्ड्रीवाल्याकडून चहा आला. बाईंनी पंपांची चौकशी केली, तिच्या आईच्या गुडघ्याची केली, लॉन्ड्रीवाल्याचीही केली. मग चौकशा संपल्या.

त्यांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. नऊ, आठ, चिठ्ठ्या, कारखाना. “तीनच महिने,” त्या म्हणाल्या. “तोवर तुझं टेबल मी बघते. संध्याकाळी येऊन बसेन. गिऱ्हाईक तुटू देणार नाही. तुला नाही जमलं तर नाही म्हण, माझा राग नाही.”

हळूबाई तार गुंडाळत होती. तिने तो वेढा पूर्ण केला, पुढचा घेतला, त्याच्या पुढचाही घेतला. गुंडाळी संपल्यावर दोऱ्याने बांधली आणि बाजूला ठेवली.

“कधीपासून जायचं?” तिने विचारलं.

“सोमवारपासून.”

“बरं.”

इतकंच. बाईंचा जीव भांड्यात पडला आणि लगेच लाजही वाटली. जिन्याखालून बाहेर पडताना त्यांचं डोकं आपटलं. हळूबाई धावत आली, चोळून देऊ लागली. बाईंना ते सहन होईना. त्या घाईघाईने निघाल्या.

पहिले दोन आठवडे बाई टेबलाशी बसल्या. मग वर्षअखेरीचे अहवाल आले, तपासणी आली, नव्या तुकडीचे अर्ज आले. आठवड्याला एक फेरी होऊ लागली, मग तीही चुकू लागली. बंद टेबल पाहून लोक दोनदा परत जातात, तिसऱ्यांदा दुसरीकडे जातात. यात कोणाचा दोष नव्हता. म्हणजे बाईंचा होता, पण त्यांना तो दिसायला वेळ लागला. तिसऱ्या महिन्यात जिन्याच्या मालकाने ती जागा किल्ल्या बनवणाऱ्याला दिली. टेबल आणि रिळं लॉन्ड्रीवाल्याने मागच्या बाजूला ठेवून घेतली.

नववी पगारचिठ्ठी फाईलला लागली. तीन वर्षं मंजूर झाली. कारखान्याने हळूबाईला ठेवून घेतलं. तिथे वाइंडिंग यंत्र करत असे, ती रीळ चढवायची आणि हिरवं बटण दाबायची. नगरपालिकेने रंगीत पत्रक छापलं. त्यात हळूबाईचा निळ्या कोटातला फोटो होता आणि खाली ‘योजनेची यशोगाथा’ असं लिहिलं होतं. बाईंनी ते पत्रक घरी नेलं नाही.

नव्या तुकडीच्या पहिल्या दिवशी साहेबांनी हळूबाईला मुद्दाम बोलावलं. ती अर्धी रजा टाकून आली. लस टोचायच्या खोलीत बारा नवी पोरं बसली होती, नगरपालिकेचा फोटोग्राफर आला होता, साहेबांनी छोटं भाषण केलं. हळूबाई उभी राहून म्हणाली, “नीट शिका. बाई चांगलं शिकवतात.” मागच्या बाकावर कोणाला ऐकू गेलं नाही, म्हणून साहेबांनी ते मोठ्याने पुन्हा सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

काही विचारायचं आहे का, असं साहेबांनी हसत विचारलं. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला.

“हे शिकून स्वतःचं दुकान काढता येतं का?”

साहेबांनी हळूबाईकडे पाहिलं. हळूबाईने बाईंकडे पाहिलं, आणि पाहत राहिली. त्या नजरेत राग नव्हता. असता तर बाईंना सोपं गेलं असतं. बाई उत्तर देतील, तेच आपणही खरं धरू, असं ती नजर म्हणत होती, आणि ती पहिल्या दिवसापासून तशीच होती. नाही म्हण, माझा राग नाही, असं आपण हिला म्हणालो होतो, बाईंना आठवलं. ही नाही म्हणणार नाही हे तेव्हाही पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर विचारायची हिंमत झाली.

“येतं,” बाई म्हणाल्या. “हिनं काढलं होतं. स्वतःच्या हिमतीवर. ते मी बंद करायला लावलं.”

फोटोग्राफरने कॅमेरा खाली केला. साहेब खाकरले आणि फाईलचा बंद बांधू लागले. “तसं नाही, बाई,” ते हळूच म्हणाले, “तो सगळा विचार करून...”

“हा वर्ग चालू राहावा म्हणून लावलं,” बाई पोरांना म्हणाल्या. “माझी नोकरी राहावी म्हणून. तुम्हाला मी तसं कधी काही विचारलं, तर नाही म्हणायचं.”

पोरांना काय करावं कळेना. दोघांनी वहीत ‘नाही म्हणायचं’ असं लिहूनही घेतलं. प्रश्न विचारणारी मुलगी हळूबाईकडे वळली.

“किती दिवस चाललं तुमचं दुकान?”

“सहा महिने,” हळूबाई म्हणाली. या वेळी तिचा आवाज मागच्या बाकापर्यंत गेला. “चांगलं चाललं होतं.”