दोन गुंठ्यांच्या देशाचा पहारा

फाटकाची कडी उचलली की मी थांबते. हातात भाजीची पिशवी असो, डोक्यावर ऊन असो, पाय आत पडत नाही. आधी व्हरांड्यातून आवाज यायचा, "थम! कौन है?" मग मी म्हणायचं, "दोस्त." मग आतून, "आगे बढो." एवढं झाल्याशिवाय आमच्या देशात कुणी शिरत नसे, दूधवाला नाही की मांजर नाही. विचारणारे मागच्या उन्हाळ्यात गेले. पण हे पायांना कोण समजावणार?

देश म्हटलं ते चुकून नाही. पडेगावला दौलताबाद रस्त्याच्या आतल्या अंगाला दोन गुंठे जागा आहे, लोक तिला प्लॉट म्हणतात. आमच्या यांना फौजेत जायचं होतं. भरतीत छाती कमी भरली, परत पाठवलं. मग कचेरीत कारकून झाले आणि फौजेनं घेतलं नाही म्हणून स्वतःचीच फौज काढली. फौज झाली तर राखायला देश पाहिजे, म्हणून ही जागा घेतली. तेव्हा इथं कुसळं आणि सरडे, एवढीच प्रजा होती. कडेनं विटा तिरक्या पुरल्या, त्यांना चुना मारला, ती आमची हद्द. सरसेनापती हे. रसदप्रमुख मी. म्हणजे स्वयंपाक आधीही मीच करायची, फक्त आता त्याला लंगर म्हणायचं.

माझं माहेर देवगाव रंगारीचं. वडील पहिल्यांदा घर बघायला आले, तर यांनी त्यांनाही फाटकावर रोखलं.

"जावईबापू, सासऱ्याला वळखीत नाय व्हय?"

"वळखतो की मामा. पण पहाऱ्यावर वळख चालत नाय. दोस्त म्हणा न् या आत."

वडिलांनी दोस्त म्हटलं, आत आले, पाणी प्याले आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "पोरी, मी तुला कारकुनाला दिली होती ना गं?"

एखादी शहाणी बाई असती तर नवऱ्याचा नाद म्हणून हसून सोडून दिलं असतं. मी कुठली शहाणी! डोक्यावर पदर आणि पदरावर टोपी घालून मी सकाळी कडुनिंबाभोवती संचलन करत असे. लग्नात आलेली हिमरू शाल कापून झेंडा शिवला, तोही उलट्या बाजूनं. सहा महिन्यांत मला बढतीची हाव सुटली. लंगर बंद ठेवला तेव्हा बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याचा एक तारा मिळाला. तो पदराला टोचून मी हळदीकुंकवाला गेले. बायका वाण द्यायचं विसरून ताऱ्याकडंच बघत बसल्या, आणि मला वाटलं, जळतात मेल्या.

फुटका तांब्याचा बंब हातगाडीच्या चाकांवर बसवून यांनी तोफ केली आणि तिचं तोंड देवगिरीच्या किल्ल्याकडं वळवलं. एवढा थोरला किल्ला, पण कधी आमच्यावर चाल करून आला नाही. हा आमच्या बंबाचा दरारा, असं मी मनापासून मानायची. वरण करपलं की कोर्ट मार्शल व्हायचं. मी ताठ उभी राहून गुन्हा कबूल करायची आणि शिक्षा म्हणून गाणं म्हणायची. शिक्षा खरी तर ऐकणाऱ्यालाच होती. मुलगा जन्मानं शिपाई, दहावी पास झाला तेव्हा नाईक झाला.

कायदे रोज बदलत. एकच कधी बदलला नाही: फाटकावर खोटं बोलायचं नाही. आत येऊन वयाबद्दल बोला, पगाराबद्दल बोला, भाजीतल्या मिठाबद्दल बोला, सगळं माफ. फाटकावर मात्र मनात असेल तेच सांगायचं.

एकदा आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. कशावरून ते आता आठवत नाही, म्हणजे चूक माझीच असणार. गिरणीतून दळण घेऊन आले, कडी उचलली, यांनी विचारलं, "थम! कौन है?" मी ठसक्यात म्हटलं, "दुश्मन!" झालं. दुश्मनाला आत घेता येत नाही आणि मी शब्द मागं घेणार नाही. डोक्यावर पिठाचा डबा, खाली तापलेली माती. आमच्या पोराला कडेवर घेऊन शेजारच्या बांधकामावरच्या बाया तमाशा बघतायत. थोड्या वेळानं कडी आतून वाजली. हे छत्री घेऊन बाहेर आले, माझ्या शेजारी उभे राहिले, म्हणाले, "तुम्ही आत येत नाय, तर म्या पहारा सोडून भगोडा झालो." देशात आत कुणीच नव्हतं आणि आम्ही दोघं एका छत्रीखाली बाहेर.

हे गेल्यावर देश तसाच ठेवला. पण पहाऱ्यावर मी बसले नाही. बसले असते तर ती जागा रिकामी झाली, असं कबूल करावं लागलं असतं. व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीला त्यांच्या बसण्याचा खळगा आहे. दुपारी चहा उकळला की ती खुर्ची करकरते. वेत वाळला की करकरतो, हे मलाही कळतं. पण तो चहाच्याच वेळेला का वाळावा?

मी फाटकाबाहेर उभी राहते, हे शेजारणीनं बघितलं.

"मावशी, चावी हरवली का?"

"नाय गं बाई, हुकूम यायचाय."

तिनं मुलाला फोन केला. मुलगा उस्मानपुऱ्यात राहतो. तो आला, माझ्या डोळ्यांत डॉक्टरासारखा बघत बसला.

"आई, तू उन्हात तास तास उभी राहतेस म्हणे."

"तासबिस काही नाही. शेजारीण चहाडखोर आहे."

"एक दिवस चक्कर येऊन पडशील, कुणाला कळायचं नाही. रविवारी टेम्पो आणतो. तिकडं लिफ्ट आहे, माणसं आहेत. आता हे संस्थान खालसा कर."

"खालसा करायला वारस नसावा लागतो रे. तू आहेस की."

तरी त्यानं टेम्पो ठरवलाच. मी भांडले नाही. त्याचं चुकत नव्हतं. मला एवढीच धास्ती होती की मी गेल्यावर तो आवाज आलाच, तर दोस्त म्हणायला इथं कोण असेल?

रविवारी घसा पार बसला होता. हळद-मीठ घालून कोमट पाणी केलं आणि गुळण्या करायला व्हरांड्याच्या टोकाला, खांबाआड गेले. पहिला घोट तोंडात घेतला तोच टेम्पो आला. मुलानं फाटकाची कडी उचलली.

आणि तो थांबला.

टाचा जुळल्या. पाठ ताठ झाली. चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला माझा नाईक सावधानमध्ये उभा! त्यानं व्हरांड्याकडं बघितलं, मग मागं टेम्पोकडं बघितलं. तोंड उघडलं, मिटलं. कानशिलावरून घाम ओघळला तो मला खांबाआडूनही दिसला. मग तो वळला आणि टेम्पोवाल्याशी काहीतरी बोलला. टेम्पो मागं घेताना हद्दीची एक वीट आडवी झाली. टेम्पो दौलताबाद रस्त्याला लागून दिसेनासा झाला, तेव्हा मुलानं पुन्हा कडी उचलली.

"दोस्त," तो म्हणाला. जरा थांबला आणि आत आला.

पायरीवर बसून त्यानं तोंड पुसलं. "काय गं आई, केवढ्यानं दरडावतेस! घसा बसलाय म्हणालीस ना फोनवर? अगदी बाबांचा आवाज काढलास. धस्स झालं मला."

माझे गाल फुगलेले, तोंडात घोट तसाच. तो घेतल्यापासून माझ्या तोंडून श्वाससुद्धा बाहेर पडला नव्हता. थुंकले असते तर त्याला कळलं असतं. मी ते हळदीचं पाणी गिळून टाकलं.

"काढावा लागतो," मी घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पहाऱ्यावर कुणीतरी पाहिजे ना."

त्यानं माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. मग उठून गेला आणि आडवी झालेली वीट पुन्हा तिरकी पुरून आला. जाताना म्हणाला, "रोज संध्याकाळी चक्कर मारत जाईन. तू उन्हात तेवढी उभी राहू नकोस."

आता तो रोज येतो, कडी उचलून थांबतो, दोस्त म्हणतो, आत येतो. त्याला विचारलं जातं. मला नाही. इतकी वर्षं लंगर मी चालवला, शाल मी कापली, तारा मी मिरवला, आणि हुकूम ऐकू येतो तो नाइकाला! म्हातारपणी रुसायचं कुणावर?

परवा मेथी घेऊन आले. कडी उचलली. आत सगळं गप्प. मला जुना ठसका आठवला. म्हातारी झाले तरी खोड जाते कुठं? कुणी न विचारताच मी मोठ्यानं म्हटलं, "दुश्मन!" आणि पिशवी खाली ठेवून उन्हात उभी राहिले.

थोड्या वेळानं कडी आतून वाजली. कडुनिंबाचं एक पानसुद्धा हलत नव्हतं. मी वळून बघितलं नाही. फक्त जरा सरकले, शेजारी एका माणसाला उभं राहता येईल एवढी.