सहा डायोडांवरचा पंखा

हे लिहायचं मी कित्येक वर्षं टाळलं. आधी वाटायचं, सांगून काय होणार आहे. मग वाटायला लागलं, इतक्या उशिरा कोणत्या तोंडाने सांगायचं. आणि गेल्या महिन्यात रोह्याहून फोन आला की हनोख गेला, तेव्हा ज्याला सांगायचं तोच उरला नाही. मी पेणहून लगेच निघालो. रोह्यात आता बेने इस्रायलींची, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी ज्यूंची, घरं फारच थोडी. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, म्हणून अलिबागकडून माणसं बोलावली होती. त्यांची गाडी वडखळला अडकली होती आणि आम्ही बाकीचे दफनभूमीच्या कुंपणापाशी त्यांची वाट बघत उभे होतो. तिथे हनोखच्या शेजारचा दुकानदार सहज बोलून गेला, "माणूस हुशार, पण नशीब बघा... आईची गाणी त्याच्याच हातून जळली." दोघातिघांनी माना हलवल्या. मीही हलवली. त्या मान हलवण्यानेच मला आज लिहायला बसवलं आहे.

हनोख आणि मी नागोठण्याच्या एका कंपनीत एकाच शिफ्टला होतो. तो यंत्रांवरचे मीटर आणि गेज दुरुस्त करणाऱ्या खात्यात, मी स्टोअरमध्ये. माणूस मोठा वाद घालणारा. दुसऱ्याचा डबा आधी उघडायचा, त्यातली बोंबलाची चटणी संपवायची आणि वर "मीठ जास्त झालंय" म्हणायचं. त्याच्या वडिलांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद. ती शिस्त हनोखने शेवटपर्यंत पाळली. शुक्रवारचा सूर्य मावळला की दुसऱ्या दिवशीच्या सूर्यास्तापर्यंत तो दिव्याच्या बटणालाही हात लावायचा नाही. "शनवारी आमच्या बैलाला सुट्टी होती रे, मी काय बैलाहून गेलेला हाय?" असं म्हणायचा. त्याचे शनिवार मी भरायचो आणि गणपतीतले माझे दिवस तो भरायचा. अशी आमची मैत्री झाली.

पुढे मी नोकरी सोडून पेणला कॅसेटींचं दुकान काढलं. गावोगावच्या भजनी मंडळांचं रेकॉर्डिंग करायचं, कॅसेटी भरायच्या आणि विकायच्या. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा कर्ज काढून कॉम्प्युटर घेतला आणि त्यावरच रेकॉर्डिंग करायला लागलो. त्याच उन्हाळ्यात हनोखच्या आईचं, सारूबाईंचं, इस्रायलला मुलीकडे जायचं ठरलं. कायमचंच. हनोख जाणार नव्हता. "तिकडे माझ्याशी मराठीत भांडणार कोण?" हे त्याचं कारण. पण आई जायच्या आधी तिची गाणी ठेवून घ्यावीत, असं त्याच्या मनाने घेतलं. हळदीची, मेंदीची, पाळण्याची आणि भावांनी विकलेल्या योसेफाची ती लांबलचक कहाणी. सगळी आपल्या मराठीतली आणि सगळी फक्त तिला एकटीला येणारी. तिच्या बरोबरीच्या बायका केव्हाच देश सोडून गेल्या होत्या.

पहिल्या दिवशी सारूबाई माइकपुढे बसल्या आणि म्हणाल्या, "वसंता, हा तुझा डबा घोरतोय रे. त्याच्यापुढे मी काय गाऊ?"

घोरत होता तो कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमागचा पंखा. खोलीला मी गोधड्या लावल्या होत्या, कॉम्प्युटरही एका लाकडी खोक्यात बसवला होता. पण गरम हवा बाहेर जायला खोक्याला भोक ठेवणं भाग होतं आणि तिथूनच आवाज यायचा. मी म्हटलं, पंखा बंदच करू. हनोख माझ्यावर उखडला. "आई गाईपर्यंत तुझं मशीन शिजेल. बंद नाय करायचा, हळू करायचा." माझ्या ओळखीतल्या एकाने एक सोपी युक्ती सांगितली होती. पंख्याची एक तार बारा व्होल्टला आणि दुसरी, एरवी शून्य व्होल्टला जोडायची ती, पाच व्होल्टला लावायची. मधले सात व्होल्ट पंख्याला मिळतात. ती ऐकून हनोख म्हणाला, "त्या पाच व्होल्टवर तुझं अख्खं मशीन जगतंय. त्याच्या ताटात पंख्याचा उष्टा करंट कशाला टाकतो?" त्याने पंख्याच्या तारेत ओळीने डायोड जोडले. डायोड म्हणजे मिरीएवढा काळा तुकडा. प्रत्येक तुकडा पाऊण व्होल्टाच्या आसपास खातो, तेवढा पंखा मंदावतो. एक डायोड वाढवायचा, पेन्सिलीच्या टोकाने पंखा थांबवायचा, सोडायचा आणि आपला आपण उठतो का ते बघायचं, असं त्याचं चाललं होतं. आठ डायोडांवर पंखा उठता उठता अडखळला. हनोखने दोन काढून टाकले. "चालतो किती हळू ते बघायचं नाय, उठतो कितीवर ते बघायचं. ही खाडीची हवा हाय, मिठाने बेअरिंग जड होतं. सहाच्या वर जायचं नाय, समजलं ना?" मग नुसत्या पंख्याच्या आवाजाची, आधी पुरत्या वेगावर आणि मग सहा डायोडांवर, चाचणी घेऊन ती साध्या कॅसेटवर उतरवली, घरच्या टेपवर घरघर किती ऐकू येते ते बघायला. अगदी थोडी ऐकू येत होती.

दोन दिवस सारूबाई गायल्या. दमा होता, मधेमधे थांबावं लागायचं. पण योसेफाची कहाणी लागली तेव्हा हनोख, जो कधी गप्प बसत नसे, तो दाराशी पाठमोरा उभा राहिला. एकच गाणं उरलं, ते रविवारी घ्यायचं ठरलं. निघताना हनोख म्हणाला, "झालेली कॅसेटवर उतरवून ठेव." मी म्हटलं, आधी साफ करतो, मग सगळी एकदम उतरवू.

मधला दिवस शनिवार होता. मी एकटाच कानाला हेडफोन लावून गाणी साफ करत बसलो होतो. ती अगदी थोडी घरघर मला खुपायला लागली. शेवटचं गाणं तरी निर्मळ व्हावं असं वाटलं. हनोखचे उरलेले डायोड टेबलावरच पडले होते. आज शनिवार, तो येणार नाही आणि त्याला विचारताही येणार नाही, हे मला ठाऊक होतं. खरं सांगायचं तर विचारता येणार नाही याचं मला बरंच वाटलं. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता. मी आणखी चार डायोड जोडले. बोटाने जरा ढकलल्यावर पंखा फिरत राहिला आणि आवाज जवळजवळ नाहीसा झाला. मी खूश झालो. कॉम्प्युटर साफसफाईच्या कामाला लावला आणि जिते गावात एका लग्नाला गेलो.

मी नसताना लाईट गेली आणि पुन्हा आली. त्या वेळच्या कॉम्प्युटरचं बटण दाबलेलं असलं की लाईट आल्यावर तो आपोआप सुरू व्हायचा. तो सुरू झाला. पंखा मात्र उठला नाही. मी परत आलो तेव्हा बंद खोक्यातून जळका वास येत होता आणि हार्ड डिस्क टकटक करत होती. मुंबईच्या दुरुस्तीवाल्यानेही नंतर हात टेकले. त्यातून एक ओळसुद्धा निघाली नाही.

पण मला लिहायचं आहे ते त्याच्या पुढचं. त्या संध्याकाळी मी जास्तीचे चारही डायोड काढले आणि तार होती तशी पुन्हा जोडून ठेवली.

रविवारी मायलेक रोह्याहून गाडीने आले. सारूबाई ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. मी म्हटलं, "लाईट गेली होती... जळलं सगळं." हनोखने खोकं उघडलं, पंखा पाहिला आणि आपले सहा डायोड एकेक करून बोटाने चाचपले. मग म्हणाला, "मीच लावले होते." मी तोंड उघडायची तीच वेळ होती. सारूबाईच त्याची समजूत घालत होत्या. "जाऊ दे रे. गाणी काय पुस्तकातून आणलेली हायत? माझ्या पोटात हायत. तिकडे जाऊन गाईन, पोरगी भरून पाठवील." पुढच्याच आठवड्यात त्या गेल्या. तिथल्या थंडीत दमा बळावला. वर्ष पुरं व्हायच्या आत त्यांच्या जाण्याची बातमी आली. गाणं एकही आलं नाही.

हनोखने पुढे रोह्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान काढलं. त्याच्या हातून गेलेल्या प्रत्येक मशीनचा पंखा पुरत्या वेगाने भणाणायचा. गिऱ्हाईकं म्हणायची, "हनोखशेठ, आत पिठाची गिरणी बसवली काय?" तो म्हणायचा, "आवाज येतोय तोवर जिवंत हाय समज." लोक हसायचे. आईच्या गाण्यांची गोष्ट तो स्वतःच सांगायचा, आपली फजिती सांगावी तशी. मी समोर असलो तरी सांगायचा.

शेवटचा भेटलो तो गेल्या पावसाळ्यात. खाटेवर होता. उशाशी कॉम्प्युटर भणभणत होता. मधेच म्हणाला, "वसंता, मी अजून हिशेब लावतो बघ. सहावर तो पंखा उठायलाच पायजे होता. मी पेन्सिल लावून बघितला होता ना रे?" मी म्हटलं, "जुना होता पंखा, हनोख." तो म्हणाला, "व्हय... तसंच असेल." आणि त्याने कूस बदलली.

ती चाचणीची कॅसेट माझ्याकडे अजून आहे. त्याला ती कधीच दिली नाही. दिली असती तर त्या दिवसांचं बोलणं निघालं असतं, आणि तेच मला नको होतं. रोह्याहून परतल्यावर जुना टेप काढून ती लावली. आधी पंख्याची घरघर. मग ती मंदावत जाते. मग सारूबाईंचा आवाज, "झालं का रे? आता गाऊ?" आणि हनोखचा, "थांब गो आई, पंखा उठतो का बघू दे." मग काहीतरी टेकल्याचा आवाज, पेन्सिलच असणार. घरघर थांबते. क्षणभर काहीच नाही. आणि पंखा आपला आपण उठतो.

हनोख, तो उठत होता रे. तुझं काही चुकलं नव्हतं. चार मी लावले होते.