पानांजवळ काडी ओढायची नाही

आमच्या ऑफिसात एक हॉल, एक कपाटांची खोली आणि मागे मोरी, एवढंच आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या काही ग्रामसभांनी एकत्र येऊन जंगलातला तेंदूपत्ता स्वतःच विकायचं ठरवलं, त्यांच्या महासंघाचं हे ऑफिस. मी इथली व्यवस्थापक. मूळची राजुऱ्याची, नोकरीसाठी आले आणि राहिले. सकाळी आल्या आल्या दिवसभराची कामं फळ्यावर लिहून काढायची माझी सवय आहे. त्या वर्षी थंडी संपत आली तेव्हापासून फळ्यावर सर्वांत वर एकच ओळ बसली होती: ‘हॉलमध्ये विडी बंद’. खालची कामं रोज होत होती, पुसली जात होती. ही ओळ हलत नव्हती. पुढे पुढे झाडणारी बाई फळा पुसताना तिच्या भोवतीने फडकं फिरवायची.

ओळ आली आमच्या हिशेब सांभाळणाऱ्या मुलीमुळे. ती जवळच्याच गावची, गोंड शेतकरी घरातली, आणि कामाला मशीन. तिला सिकलसेल आहे. इकडे हा आजार कुणाला समजावून सांगावा लागत नाही; रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, एकमेकींत अडकतात आणि हाडं फुटल्यासारखी दुखतात. थंडी, तहान, धूर, काहीही निमित्त पुरतं. दिवाळीनंतर तिच्या छातीत असं दुखलं की दवाखान्यात ऑक्सिजन लावावा लागला. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं, धुरात बसायचं नाही. आणि आमच्या हॉलमध्ये तर गावोगावचे प्रतिनिधी सकाळी अकरापासून विड्या पेटवून बसलेले. तिने रीतसर अर्ज दिला.

मला वाटलं, पाच मिनिटांचं काम आहे. एक कायदा म्हणतो, कामाच्या ठिकाणी धूम्रपान नाही. दुसरा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा. त्याच्या यादीत सिकलसेल आहे, तिच्याकडे प्रमाणपत्र आहे, आणि तो म्हणतो की अशा कर्मचाऱ्याला काम करता यावं म्हणून लागेल ती सोय मालकाने करावी. दोन्ही कायद्यांच्या प्रती काढल्या, मीटिंगमध्ये ठेवल्या.

आमचे अध्यक्ष वयाने मोठे, शांत माणूस. त्यांनी प्रती वाचल्या, घडी घातली आणि विडी पेटवली.

“बाई, आपुन पान कायच्यासाठी इकतो?”

“विडीसाठी.”

“मंग इडीच्या पानाच्या ऑफिसात इडी बंद? हसतीन लोक.”

लोक लगेच हसलेच. कोपऱ्यातून एकजण म्हणाला, “जिल्ह्यात दारू बंद, आता इथी इडीबी बंद. जगाव का नाई जी माणसानं?”

“धान विकणारा माणूस मीटिंगमध्ये भात शिजवायला बसतो का?” मी विचारलं.

“शिजवला तं आमी खाऊ नं, बाई,” तो म्हणाला. विषय पुढच्या मीटिंगवर गेला.

पुढच्या मीटिंगला ठेकेदाराचा माणूस होता. आमचं पान घेणाऱ्या व्यापाऱ्याचा प्रतिनिधी. इस्त्रीचा शर्ट, गोड जीभ. विडी कारखान्यांपर्यंत पान पोचवायचं त्यांचं काम. त्याला आमच्या अर्जाबद्दल कुणी सांगितलं, ते मी विचारलं नाही. विचारून उपयोग नव्हता.

“ताई, कायदा मी पण वाचलाय,” तो मला म्हणाला. “दिव्यांगांची सोय करा, असं लिहिलंय. बरोबर? पण दुसऱ्याची गैरसोय करा, असं कुठे लिहिलंय? दोघांचा मान ठेवू. मॅडमसाठी वेगळी केबिन आम्ही बांधून देतो. काच, प्लायवूड, धूर ओढणारा पंखा, सगळं.”

सोबत त्याने छापील कागद आणले होते. एक होता ‘धूम्रपान सौजन्य नियम’. ओढणाऱ्याने न ओढणाऱ्याची विचारपूस करावी, न ओढणाऱ्याने ओढणाऱ्याच्या सवयीचा आदर करावा, असं त्यात बरंच काही. ऑफिसच्या नावाची जागा कोरी सोडलेली. म्हणजे हा कागद आमच्यासाठी लिहिलेला नव्हता. जिथे जिथे कुणी अर्ज देईल तिथे तिथे फिरायला तयार होता.

दुसरा कागद सरकारला द्यायचं निवेदन. विडी वळण्याच्या कामावर कितीतरी दिव्यांग बाया जगतात, म्हणून दिव्यांगांच्या कायद्याच्या नावाखाली विडीवर बंधनं आणू नयेत आणि कामाच्या ठिकाणचं काय ते तिथल्या लोकांनी आपसात ठरवावं, अशी मागणी. तो कागद त्याने आमच्या मुलीपुढे सरकवला.

“तुम्ही स्वतः दिव्यांग आहात, मॅडम. तुमच्या सहीला वजन आहे.”

मला इतका राग आला की मी पाणी प्यायला उठले. ती मात्र निवांत वाचत बसली. शेवटपर्यंत वाचलं.

“ह्या बायांचं नाव नाई कुठी,” ती म्हणाली.

“नावं कशाला? अशा खूप आहेत.”

“मंग त्याईले दमा होते, खोकला होते, ते काऊन नाई लिहलं?”

“मॅडम, हा रोजगाराचा कागद आहे. आरोग्याचा वेगळा.”

“हाव? मंग तो आणा. त्याच्यावर करतो सही.”

हॉलमध्ये खसखस पिकली. पण तिच्या सहीवाचून काही अडलं नाही. महासंघाचा शिक्का मारून निवेदन गेलंच, आणि केबिनही मंजूर झाली. फुकट मिळत होती ना! फुकट मिळणाऱ्या वस्तूला आमच्या कमिटीने आजवर नाही म्हटलेलं माझ्या ऐकिवात नाही.

मार्चमध्ये हॉलच्या कोपऱ्यात केबिन उभी राहिली. नारळ फुटला, फीत कापली, ठेकेदाराच्या माणसाने अध्यक्षांसोबत फोटो काढून घेतला. दारावर पाटी: ‘दिव्यांग कक्ष’. पाटी पाहून ती मला हळूच म्हणाली, “संडासावर लावतेत नं बाई, तशीच दिसते.”

खरा घोळ पंख्याचा होता. हवा बाहेर फेकणारा तो पंखा बसवला तिच्या केबिनच्या भिंतीत. तो हवा ओढणार कुठून? दाराखालच्या फटीतून, म्हणजे हॉलमधून. पंखा लावला की हॉलमधला सगळा धूर शहाण्यासारखा एका रांगेत तिच्या टेबलावरून बाहेर जायचा. बंद केला की काचेच्या त्या डब्यात उकडून निघायचं. मिस्त्रीला बोलावलं, तो म्हणाला, पंखा तर उत्तम चालतोय.

आणि याहून वाईट एक गोष्ट झाली. पूर्वी तिला समोर पाहून दोघं-तिघं तरी उठून ओसरीवर जायचे. आता कुणी उठेना. तिची सोय झाली होती ना! “पोरीले स्वतंत्र रूम देलं आपुन,” असं म्हणत अध्यक्ष निश्चिंत मनाने दुसरी विडी काढायचे. मी हॉलमध्ये बोलायला गेले की सगळे मिळून मला केबिन दाखवायचे.

एप्रिलमध्ये ती पुन्हा आजारी पडली. परत आली तेव्हा चेहरा उतरला होता. जेवणाच्या सुट्टीत तिने सांगून टाकलं.

“पानाचा सीझन पाहीन, बाई. हिशेब अर्धवट नाई सोडत. मंग घरीच राहीन. माय म्हणते, पगार काय हाडाले बांधतं?”

तिला थांब म्हणायला माझ्याकडे काही नव्हतं. फळ्यावरची ओळ तेवढी होती.

मे महिन्यात मी संकलन केंद्रं पाहायला फिरते. इकडे त्याला फळी म्हणतात. गावाबाहेरचं मोकळं रान असतं. पहाटे जंगलात जाऊन तोडलेलं पान बाया घरी बांधतात आणि त्याची पुडकी इथे आणून उन्हात ओळीने पसरतात. त्या दिवशी अध्यक्षही माझ्यासोबत होते. रानाच्या तोंडाशी मोहाचं झाड आहे, त्याच्या बुंध्याशी एक सपाट दगड. दगडावर आगपेट्या, लायटर, विडीचे कट्टे, कुणाची सिगारेटची डबी. अध्यक्षांनी चालता चालता खिशातली आगपेटी काढली, दगडावर ठेवली आणि आत गेले. बोलणं चालूच होतं, पाऊलसुद्धा थांबलं नाही.

आमच्या मागून गावचा एक तरणा प्रतिनिधी आला. कानावर विडी.

अध्यक्ष गर्रकन वळले. “ए बाबू! कानावरची काढ.”

“पेटवली नाई नं, भाऊ. आगपेटी ठेवली मी तिकडं.”

“काढ म्हनलं नं! वाळलं पान हाय इथी, दिसत नाई तुले? एवढ्या बायाइनं काटे खाऊन आनलं, अन तू काडी वढशीन?”

पोरगा मुकाट्याने परत गेला आणि विडी दगडावर ठेवून आला.

मी उन्हात तशीच उभी राहिले. दरवर्षी पाहते मी हा दगड. तिथे पाटी नाही, नियमांचा कागद नाही, विचारपूस नाही, परस्परांचा आदर नाही. पानांजवळ काडी ओढायची नाही, संपलं. आजे-पणजे तेच करत आले. आणि हीच माणसं माझ्या हॉलमध्ये एका मुलीच्या छातीसाठी कायद्याचा कीस काढत बसली होती! तिथल्या तिथे अध्यक्षांना चार शब्द सुनावावेत असं फार वाटलं. पण सुनावून काय झालं असतं? त्यांनी पुन्हा केबिन दाखवली असती.

आमच्या गोदामाच्या एका कोपऱ्याला वाळवी लागली होती, ही खरी गोष्ट. दरवर्षी त्या कोपऱ्यातली पोती दुसऱ्या कोपऱ्यात रचतात. त्या वर्षी मी ती ऑफिसच्या हॉलमध्ये रचून घेतली, दारातून दिसतील अशी, भिंतीला लागून छातीपर्यंत. उंबऱ्याबाहेर एक टोपली ठेवली. कुणाला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष विडी ओढतच आले. उंबऱ्यावर त्यांना पानाचा वास आला. थबकले, विडी चपलेखाली विझवली, आगपेटी टोपलीत टाकली आणि आत येऊन बसले. त्यांच्यामागून आलेल्यांनीही तेच केलं. कुणी कुणाला विचारलंसुद्धा नाही. दुपारपर्यंत आमची मुलगी कॉम्प्युटर उचलून केबिनबाहेर आली आणि खिडकीजवळ बसली. दिव्यांग कक्षात आम्ही मोडक्या खुर्च्या ठेवल्या.

आठवड्याने ठेकेदाराचा माणूस आला, हातात पेटलेली सिगारेट. तो दारात पाय टाकतो न टाकतो तोच अध्यक्ष ओरडले, “ओ साहेब! बाहेर, बाहेर! पान तुमचंच हाय, जळन तं तुमचंच जळन!”

तो सिगारेट टाकून आला. पोत्यांकडे पाहिलं, केबिनकडे पाहिलं.

“इथे का ठेवलं, ताई?”

“वाळवी.”

“आणि मॅडम बाहेर बसतात?”

“हो,” मी म्हटलं. “झाली त्यांची सोय.”

मला मजा वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण पान काही कायमचं राहणार नव्हतं, हेही कळत होतं.

जूनच्या सुरुवातीला ठेकेदाराचा ट्रक आला आणि पोती भरून गेली. हॉल झाडून घेतला. दुपारी मीटिंगसाठी मंडळी आली. अध्यक्षांनी सवयीने खिशातून आगपेटी काढून टोपलीवर धरली होती, तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, “आता कायचं भेव, भाऊ? पान तं गेलं.”

अध्यक्षांचा हात तसाच राहिला. मी खुर्चीवरून उठले. कायदे, कलमं, सगळं जिभेवर होतं. माझ्या आधी खिडकीजवळून आवाज आला. तिने कॉम्प्युटरवरची नजर काढली नव्हती.

“पान गेलं, भाऊ. मी हाओ नं इथीच.”

कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी तिच्याकडे पाहिलं. मग आगपेटी टोपलीत टाकली आणि आत आले. मागच्यांच्याही आगपेट्या पडल्या, काहींच्या कुरकुरत.

बसता बसता अध्यक्ष मला म्हणाले, “बाई, एक बोरा मात्र ठेवत जा इथी. मानसाचं ध्यान राह्यत नाई.”

मला वाटलं, कपाळावर हात मारून घ्यावा. माणूस समोर बसलेला ध्यानात राहत नाही, पोतं राहतं! पण जे राहतं ते ठेवायचं. झाडून निघालेला पानांचा चुरा एका पोत्यात भरला, तोंड शिवलं आणि दारातून दिसेल असं तिच्या टेबलाला लावून उभं केलं. फळ्यावरची ओळ पुसली. ती मुलगी अजून आमच्याकडेच आहे, हिशेब सांभाळते. तहान लागू द्यायची नसते तिला. पाण्याची बाटली त्या पोत्यावरच ठेवलेली असते.